डिझाइन की अर्थशास्त्र? दोनच पुस्तकं घ्यायची असतील तर

आमच्या घरी तीन बर्नरची काचेची शेगडी आहे. पुढे तीन बटणं एका ओळीत, बर्नर मात्र त्रिकोणात: दोन पुढे, एक मागे. मधलं बटण मागच्या बर्नरचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. पण मावशी राहायला आली की चहाखालचा गॅस बारीक करायला जाते आणि कुकरखालचा बंद करते. शेवटी आईने मधल्या बटणावर लाल टिकली चिकटवली आणि तशीच दुसरी भिंतीवरच्या टाइलला, मागच्या बर्नरच्या बरोब्बर मागे. महिन्याभरात टिकली तेलकट होऊन गळून पडते, मग नवी लागते. खर्च एवढाच.

या टिकलीवरून दोन प्रश्न निघतात. बटणं अशी का मांडली की माणसाने चुकावंच? आणि ही खोड इतकी जुनी आणि सगळ्यांना माहीत असूनही कारखाने तशाच शेगड्या का बनवतात, आपण त्या का घेतो? पहिला प्रश्न डिझाइनच्या कपाटातला, दुसरा अर्थशास्त्राच्या. टिकली मात्र एकच.

मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात वस्तूंची ड्रॉइंग काढतो. अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही, नंतर गरज पडली म्हणून वाचलं. गेल्या दिवाळीत कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, दोन हजार रुपये आहेत, दोनच पुस्तकं घ्यायचीत. डिझाइनची घेऊ का इकॉनॉमिक्सची? नेटवरच्या याद्या बघून डोकं फिरलंय माझं." त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

पहिली पायरी: आधी वस्तू, मग पुस्तक

‘वाचलीच पाहिजेत अशी पन्नास पुस्तकं’ छापाच्या यादीपासून सुरुवात केली की पुस्तकं कपाटात जातात आणि तिथेच राहतात. माझी रीत उलटी आहे. एक वस्तू घ्यायची, रोजच्या वापरातली किंवा कामातली. ती टेबलावर ठेवायची आणि तिच्याबद्दल सुचतील ते प्रश्न वहीत लिहून काढायचे. निदान दहा. पाच-सहा प्रश्नांनंतर डोकं रिकामं होतं, खरे प्रश्न त्याच्या पुढे येतात.

भाच्याचा प्रोजेक्ट पाठीवरच्या फवारणी पंपाचा होता, सोळा लिटरचा, हाताने दांडा मारायचा तो. त्याने फोनवर वाचून दाखवलेल्या यादीतले काही प्रश्न असे: पट्टा खांद्यात का रुततो? टाकी किती भरली हे पाठीवर असताना का कळत नाही? झाकण आटे चुकवून का बसतं आणि मग औषध पाठीवर का सांडतं? गळतो हे माहीत असूनही स्वस्त पंपच का खपतो? वर्षातून मोजके दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत का घ्यायची? गावात भाड्याने देणारा एकच जण का? आणि शेवटी एक फार चांगला प्रश्न: ज्याच्या पाठीवर पंप असतो तो आणि दुकानात जाऊन पंप निवडणारा, हे दोघे वेगळे असतील तर?

आता प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची. हात, डोळे, पाठ, सवय, चूक यांच्याबद्दलचा प्रश्न असेल तर ‘डि’. पैसा, वेळ, दुसरा माणूस, बाजार, कायदा यांच्याबद्दलचा असेल तर ‘अ’. शेवटच्या प्रश्नासारखे काही दोन्हीकडे पाय ठेवून उभे राहतात, त्यांना दोन्ही खुणा. ज्या खुणा जास्त, त्या बाजूचं पुस्तक पहिलं. भाच्याच्या यादीत ‘अ’ जास्त निघाले, आणि त्याने तर डिझाइनच घ्यायचं असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसरी पायरी: डिझाइनच्या कपाटातून काय काढावं

या कपाटात पहिला हात डॉन नॉर्मन यांच्या ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’कडे जातो, आणि तो बरोबरच जातो. १९८८ साली हे पुस्तक आलं तेव्हा नावात डिझाइनऐवजी ‘सायकॉलॉजी’ होतं, कारण लेखक मूळचे मानसशास्त्रज्ञ. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा तिथल्या नियंत्रण कक्षात माणसं का चुकली हे तपासायला ज्यांना बोलावलं त्यांच्यात नॉर्मन होते. पुस्तकाचा सगळा सूर तिथून येतो: माणूस चुकला की आधी वस्तूकडे बघा.

आमच्या शेगडीचा प्रश्न त्यात जसाच्या तसा आहे, चार बर्नर आणि चार बटणांच्या आकृत्यांसह. बटणं बर्नरसारखीच मांडली तर खूण, अक्षर, टिकली काहीच लागत नाही, हे तो दाखवून देतो. आईच्या टिकलीला नॉर्मन ‘सिग्निफायर’ म्हणतील: कुठे काय करायचं ते सांगणारी खूण. हा शब्द पहिल्या आवृत्तीत नव्हता, २०१३ च्या सुधारित आवृत्तीत आला. त्याच आवृत्तीत शेवटची दोन प्रकरणं नवी आहेत, म्हणून घ्यायची तर २०१३ चीच घ्या. जुनी प्रत रद्दीच्या भावात मिळाली तर मोह होतो, मलाही झाला होता. पण ज्या दोन प्रकरणांत धंदा, स्पर्धा आणि वेळापत्रक येतं, नेमकी तीच जुन्या प्रतीत नाहीत.

वेळ कमी असेल तर पहिलं, पाचवं आणि सातवं प्रकरण वाचा. पाचवं चुकांबद्दल आहे. नॉर्मन चुकांचे दोन ढीग करतात. करायचं ठरवलेलं बरोबर होतं पण हात भलतीकडे गेला, हा एक. मुळात ठरवलंच चुकीचं, हा दुसरा. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर तो पहिला ढीग, आणि त्यावरचा इलाज सुनेला बोलणं नसून दोन वेगळ्या आकाराचे डबे आणणं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

नॉर्मनची उणीवही सांगतो. सातव्या प्रकरणापर्यंत पैसा जवळजवळ येतच नाही. वस्तू चांगली कशी करावी हे कळतं, ती चांगली करणं कुणाला परवडतं हे कळत नाही. आमच्या कारखान्यात मालक विचारतात तो प्रश्न हाच असतो.

व्हिक्टर पापानेक यांचं ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ इंग्रजीत १९७१ मध्ये आलं. औद्योगिक डिझाइनपेक्षा घातक धंदे आहेत, पण फारच थोडे, अशा अर्थाच्या वाक्याने पुस्तक सुरू होतं. पुढेही माणूस तसाच तापलेला आहे. वापरलेल्या डब्यात बसवलेला, मेण किंवा शेणाच्या जळणावर चालणारा नऊ सेंटचा रेडिओ त्यांनी केला होता, त्याचा फोटो आणि हकिकत पुस्तकात आहे. रंगरूप मुद्दाम दिलं नाही, ज्याचा त्याने सजवावा म्हणून. इंडोनेशियात लोकांनी तो खरंच कापड आणि शिंपले लावून सजवला. पंचविशीच्या आत वाचलं तर हे पुस्तक अंगात भिनतं. मी चाळिशीत वाचलं, तेव्हा प्रत्येक पानावर ‘अहो, पण घेणार कोण?’ असं समासात लिहीत गेलो.

ख्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) हे सलग वाचायचं पुस्तकच नाही. हजारावर पानं आणि २५३ नमुने: गाव कसं वसावं इथपासून खिडकीची उंची किती असावी इथपर्यंत. १६७ वा नमुना बाल्कनीचा आहे. सहा फुटांहून अरुंद बाल्कनी लोक वापरत नाहीत, असं तो सांगतो. हे वाचून मी उठून आमची बाल्कनी मोजली. तीन फूट आठ इंच. तिच्यात कपडे वाळतात आणि कांद्याची टोपली राहते, माणूस काही बसत नाही. पुस्तक महाग आहे, ग्रंथालयात बसून वाचण्याजोगं. पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक डिझाइन केंद्र किंवा जवळचं आर्किटेक्चर कॉलेज, तिथे कुणी ओळखीचं असेल तर सांगून बघा.

आणि पैसे मुळीच नसतील तर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारसाठी लिहिलेला ‘इंडिया रिपोर्ट’ वाचा. इंटरनेटवर मोफत आहे, तासाभरात संपतो. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था याच अहवालाच्या पायावर उभी राहिली. त्यात लोट्यावर, म्हणजे आपल्या तांब्यावर, दीड-दोन पानं आहेत. तांब्या कुणा एकाने डिझाइन केलेला नाही हे मान्य करून ते विचारत जातात: समजा करायचाच झाला तर काय काय बघावं लागेल? किती पाणी मावावं, डोक्यावर आणि कमरेवर कसा बसावा, ओतताना तोल कुठे जावा, घासायला हात आत जावा का, धातूची किंमत काय, मोडीत किती येईल. म्हणजे पहिल्या पायरीत मी जी यादी करायला सांगितली तीच, साठ-सत्तर वर्षांपूर्वी दोन अमेरिकन माणसांनी आपल्या घरातल्या भांड्यासाठी केलेली. मोडीचा भाव त्या यादीत आहे याकडे मुद्दाम लक्ष द्या. या कपाटात तो क्वचित दिसतो.

तिसरी पायरी: अर्थशास्त्राच्या कपाटात शिरताना

इथे फसवणूक जास्त होते, कारण सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तकं नवख्याने हातात घ्यायला सगळ्यांत वाईट असतात. केन्सचा १९३६ चा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ त्यांनी बाकीच्या अर्थशास्त्रज्ञांना उद्देशून लिहिला आहे. पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, कुणीही सांगितलं तरी.

ॲडम स्मिथ यांच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’चं (१७७६) तसं नाही. ते वाचता येतं, फक्त सरळ रेषेत वाचायचं नाही. मी पहिल्यांदा सरळ वाचत गेलो आणि पहिल्या भागाच्या अकराव्या प्रकरणात चांदीच्या भावावरचं एक लांबलचक विषयांतर लागलं, त्यात बुडालो. वर्षभर पुस्तक उशाशी होतं, खूण हलली नाही. आता सांगतो तसं वाचा: पहिल्या भागातली पहिली तीन प्रकरणं, मग सातवं, मग दहावं. तिथून उडी मारून थेट पाचव्या भागात, सरकारने शिक्षणावर खर्च का करावा ते जिथे येतं तिथे.

पहिल्याच प्रकरणात टाचण्यांचा कारखाना आहे. टाचणी बनवण्याची सुमारे १८ कामं, दहा माणसांत वाटलेली, आणि दिवसाला ४८,००० टाचण्या. एकट्याने सगळं करायचं म्हटलं तर वीससुद्धा होणार नाहीत, कदाचित एकही नाही. हे उदाहरण सगळे सांगतात. पाचव्या भागात स्मिथ काय म्हणतात ते फारसं कुणी सांगत नाही: जन्मभर एकदोन सोप्या क्रियाच करणारा माणूस मंद आणि अडाणी होत जातो. दोन्ही एकाच माणसाने, एकाच पुस्तकात लिहिलं आहे. मला हे वाचताना लिज्जत पापड आठवला. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. पीठ एका ठिकाणी मळलं जातं, लाटणं घरोघरी होतं, वाळलेले पापड परत केंद्रावर येतात. कामाची वाटणी आहेच, पण लाटणारी बाई संस्थेची सभासद आणि वाटेकरीही आहे. स्मिथला ही रचना दाखवायला मजा आली असती.

स्मिथचं इंग्रजी अडीचशे वर्षांचं आहे, वाक्यं आगगाडीसारखी. मोठ्याने वाचा, अर्धी अडचण जाते. हक्क केव्हाच संपले असल्यामुळे मोफत प्रत मिळते. छापील संक्षिप्त प्रत घेणार असाल तर अनुक्रमणिकेत बघा, पाचवा भाग उडवलेला असतो का ते.

इतकं जुनं नको असेल तर रॉबर्ट हाइलब्रोनर यांचं ‘द वर्ल्डली फिलॉसॉफर्स’ (१९५३) घ्या. स्मिथ, माल्थस, रिकार्डो, मार्क्स, व्हेब्लेन, केन्स या मंडळींची चरित्रं आणि विचार गोष्टीसारखे सांगितलेत. कुणाच्या वाटेला जायचं हे त्यातून ठरवता येतं. इंग्रजीच नको असेल तर अच्युत गोडबोले यांचं ‘अर्थात’ मराठीत तेच काम करतं.

थॉमस शेलिंग यांचं ‘मायक्रोमोटिव्ह्ज अँड मॅक्रोबिहेवियर’ (१९७८) माझं सगळ्यांत आवडतं. पुस्तक एका सभागृहात सुरू होतं. शेलिंग व्याख्यानाला उभे राहतात, तर पुढच्या बारा रांगा मोकळ्या आणि मागे खच्चून गर्दी. कुणीही कुणाला मागे बसा म्हणालेलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही व्याख्यानमालेत हे दृश्य बघायला मिळतं. शेलिंगचं म्हणणं, प्रत्येकाच्या मनात काय आहे त्यावरून सगळ्यांचं मिळून काय होईल ते सांगता येत नाही. पुढे नाण्यांचा खेळ आहे, तो घरी करून बघा. बुद्धिबळाच्या पटावर रुपयाची आणि दोनाची नाणी विस्कटून मांडा, काही घरं मोकळी सोडा. नियम एकच: शेजारच्या घरांत आपल्यासारखी निदान एकतृतीयांश नसतील तर नाणं उठून दुसरीकडे जाईल. शेजार निम्म्याहून जास्त परका असला तरी चालेल, इतकी ही नाणी सोशिक. तरी दहा-पंधरा मिनिटांत पटावर रुपयांचा वेगळा मोहल्ला आणि दोनाचा वेगळा तयार होतो. डिझाइन करणाऱ्याने हे पुस्तक वाचावं ते यासाठी, की वस्तू एका माणसाची चाचणी घेऊन केली तरी ती वापरतात हजारो जण, एकमेकांकडे बघत.

आता आपल्या मातीतली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं. इंग्लंडात रचलेले अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानात जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा त्याचा गाभा. डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) महत्त्वाचा आहे, केन्सने उचलून धरलेल्या चलनपद्धतीवर त्यात सडकून टीका आहे. त्याला प्रस्तावना एडविन कॅनन यांची, ज्यांनी १९०४ मध्ये ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची गाजलेली आवृत्ती संपादित केली होती. पण पहिलं म्हणून हे पुस्तक जड जाईल, चलनाचा इतिहास आधी थोडा माहीत हवा.

त्याऐवजी आंबेडकरांचाच १९१८ चा ‘भारतातील लहान जमिनी आणि त्यावरील उपाय’ या विषयावरचा इंग्रजी निबंध घ्या. छोटा आहे, राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या खंडांत आहे, आणि वाचताना माणूस दोनदा थांबतो. सगळे म्हणत होते, शेतीचे तुकडे फार लहान झालेत. आंबेडकर म्हणतात, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यासोबत अवजारं, बैल, भांडवल किती आहे त्या प्रमाणावरून ठरतं. आणि शेतकऱ्याकडे असलेली साधनं बघितली तर त्याची जमीन लहान नाही, उलट त्या साधनांच्या मानाने मोठीच आहे. भाच्याला मी हा निबंध पाठवला. त्याच्या पंपाचा ‘प्रत्येकाने विकत का घ्यायचा’ हा प्रश्न शेवटी साधनं आणि जमीन यांच्या प्रमाणाचाच आहे, आणि त्यावर शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून ठेवला होता.

चौथी पायरी: जोडी लावा

दोन पुस्तकं घ्यायची असतील तर एकेका कपाटातलं एक घ्या, पण एकाच वस्तूवर बोलणारी. अशा जोडीत एक पुस्तक दुसऱ्याची चूक पकडतं. माझ्यासाठी सगळ्यांत चांगली जोडी पेन्सिलीची ठरली.

हेन्री पेट्रोस्की या स्थापत्य अभियंत्याने पेन्सिलीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आहे, नाव ‘द पेन्सिल’. आणि लेनर्ड रीड या अमेरिकन लेखकाचा १९५८ चा ‘आय, पेन्सिल’ हा काही पानांचा निबंध आहे, त्यात पेन्सिल स्वतः बोलते. ती म्हणते, मला बनवता येईल असा एकही माणूस पृथ्वीवर नाही. लाकूड कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडचं, ग्राफाइट सिलोनचं, रंग, पत्रा, रबर कुठून कुठून आलेलं, आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा मुकादम कुणी नाही. बाजारच हे काम करतो. निबंध सुंदर आहे. मी वाचला त्या दिवशी नटराजची लाल-काळी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बघत बसलो होतो.

मग पेट्रोस्की वाचला. पेन्सिलीचं ग्राफाइट पूर्वी इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतून यायचं, शुद्ध ढेकळांत, करवतीने कापून काड्या करण्याइतकं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं आणि फ्रान्सला ते मिळेना. तेव्हा फ्रान्सच्या सरकारात युद्धाची बाजू सांभाळणाऱ्या लझार कार्नो यांनी निकोला-झाक काँते यांना काहीतरी पर्याय काढा म्हणून सांगितलं. काँतेंनी हलक्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून, काड्या करून भट्टीत भाजल्या. पेटंट १७९५ चं. आणि एक फायदा आपसूक झाला: माती जास्त घातली की काडी कडक, कमी घातली की मऊ. तुमच्या कंपासपेटीतल्या एच आणि बी या खुणा हाच फरक सांगतात.

आता हे दोन्ही शेजारी ठेवा. रीडची पेन्सिल म्हणते मुकादम कुणी नाही. पेट्रोस्कीची पेन्सिल म्हणते, माझी आजची काडी एका सरकारच्या नडीतून, सरकारातल्या माणसाच्या सांगण्यावरून झाली. रीड खोटं बोलत नाही, त्याने सोयीचं तेवढं सांगितलं. पण पेट्रोस्की एकटा वाचला असता तर टंचाई, नाकेबंदी आणि भाव हेही डिझाइनची हत्यारं असतात हे माझ्या ध्यानात आलं नसतं. मी काँतेची हुशारी बघून पुढे गेलो असतो.

बाकीच्या जोड्या थोडक्यात. पापानेकसोबत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचं ‘पुअर इकॉनॉमिक्स’ (२०११). गरिबांना काय हवं हे पापानेकना ठाऊक आहे, हे दोघे जाऊन विचारतात. मोरोक्कोतला एक खायला कमी पडतं असं सांगणारा माणूस, त्याच्या घरात टीव्ही, आणि वर त्याचं उत्तर की टीव्ही जेवणाहून महत्त्वाचा. उदयपूर जिल्ह्यातला त्यांचा लसीकरणाचा प्रयोग तर वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. पूर्ण लसीकरण ६ टक्के होतं, गावात नेमाने शिबिरं भरवल्यावर १७ झालं, आणि दर लशीला किलोभर डाळ व सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर स्टीलची ताटं दिल्यावर ३८.

नॉर्मनसोबत थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांचं ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ (१८९९), निदान त्यातलं चमच्याचं उदाहरण. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा अॅल्युमिनियमचा, घास दोन्हींनी सारखाच तोंडात जातो. मग पहिला ‘सुंदर’ का दिसतो? महाग आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून, असं व्हेब्लेनचं बोचरं उत्तर. रुखवतातली चांदीची भांडी डोळ्यांसमोर आणून वाचा.

आणि एक टिपण, नॉर्मनच्या भक्तांसाठी. काही वाईट डिझाइन मुद्दाम वाईट ठेवलेलं असतं. झ्यूल द्युप्युई हा फ्रेंच अभियंता १८४९ मध्येच लिहून गेला की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाला छप्पर नसतं ते चार पैसे वाचवायला नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यात आणि शेजारच्या सेकंड क्लासमध्ये फरक नेमका कशाचा, हे सकाळी आठच्या गाडीला मोजा. गादी बोटभर जाड असते, बाकी पैसे गर्दी टाळण्याचे.

पाचवी पायरी: दुकानात वीस पानं

ऑनलाइन मागवण्याआधी शक्य असेल तर पुस्तक हातात घ्या. अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर उभ्याने वीस पानं वाचायची, आणि पहिली नाही, मधली. पहिली वीस पानं प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मधलं एक उदाहरण वाचा, पुस्तक मिटा, आणि ते तीन वाक्यांत, मराठीत, शेजारी उभ्या असलेल्या मित्राला सांगा. सांगता आलं तर घ्या. इंग्रजी शब्द तसेच्या तसे तोंडातून यायला लागले तर अजून कळलेलं नाही, ठेवून द्या.

फुटपाथवरच्या नकली प्रतींपासून सावध. मजकूर जेमतेम वाचता येतो पण फोटो काळे डाग होऊन जातात. शेलिंगचं त्याने फार बिघडत नाही. नॉर्मन आणि पेट्रोस्की मात्र चित्रांशिवाय निम्मे निरुपयोगी. एका दुकानदाराने मला अशी प्रत नवी म्हणून विकली होती, त्यात पानं ११३ ते १२८ दोनदा होती आणि त्यानंतरची सोळा नव्हतीच.

सहावी पायरी: वही, आणि कधी सोडायचं

वहीचं डावं पान पुस्तकाचं, उजवं तुमच्या वस्तूचं. डाव्या पानावर पुस्तकातलं उदाहरण एका ओळीत. समोर, आपल्या वस्तूत तेच कुठे दिसतं. पन्नास पानं वाचूनही उजवी बाजू कोरी असेल तर पुस्तक सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. पुस्तक वाईट नसेल, तुमची वस्तू त्याची नसेल. माझ्या कपाटात असं अर्धवट सोडलेलं एक पुस्तक सहा वर्षांनी, कारखान्यात प्लॅस्टिकचे भाव वाढले तेव्हा, आपण होऊन उघडलं गेलं.

दोन्ही पुस्तकं एकदम वाचा. आठवड्यात तीन दिवस एक, तीन दिवस दुसरं, रविवारी फक्त वही. एक संपवून दुसरं घेतलं तर भांडण लागत नाही, आणि भांडण लागलं नाही तर जोडी लावण्याचा उपयोग काय?

भाच्याने नॉर्मन घेतला, २०१३ चाच. आंबेडकरांचा निबंध फुकट मिळाला, त्याची झेरॉक्स काढून बाइंडिंग केलं. उरलेल्या पैशांत आठवडी बाजारातून एक जुना फवारणी पंप आणला. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने तो उघडून दाखवला. आतलं रबरी वॉशर झिजून एका बाजूने चपटं झालं होतं. "मामा, हे वॉशर काही रुपयांचं आहे, पण ते बदलायला आधी सगळा दांडा काढावा लागतोय," तो म्हणाला. "हे ‘डि’मध्ये लिहू का ‘अ’मध्ये?"

मी म्हटलं, दोन्ही पानांवर लिही.